एकट्या खोलीतला जप : सक्तीच्या एकांतात मन ठिकाणावर ठेवण्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवलं की घरचे हातात माळ देतात आणि सांगतात, "जप करत राहा, बरं वाटेल." जप कसा करायचा, किती, कोणत्या आवाजात, मध्येच रडू आलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग रुग्ण पहिल्याच दिवशी तासन्‌तास जप करतो, दुसऱ्या दिवशी घसा बसतो, तिसऱ्या दिवशी माळ उशीखाली जाते. वर मनाला टोचणी लागते ती वेगळीच : एवढंसुद्धा आपल्याच्यानं झालं नाही.

हा लेख अशा माणसांसाठी आहे. संसर्गामुळे वेगळं ठेवलेले, थायरॉईडच्या किरणोत्सारी आयोडिन उपचारानंतर काही दिवस एकटे राहणारे, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर भेटीगाठी बंद असलेले, किंवा पुराच्या पाण्यानं वरच्या मजल्यावर अडकलेले. अनुष्ठान, पुरश्चरण, मंत्रसिद्धी हे विषय इथे नाहीत. मन शांत राहावं आणि दिवस पार पडावेत, एवढ्याच कामाचा जप इथे सांगितला आहे.

टप्पा १ : आत जाण्याआधीची तयारी

वेळ मिळाला तर चार गोष्टी आधीच ठरवा.

मंत्र एकच ठरवा. दिवसातल्या दोन वेळाही ठरवा, आणि त्या घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे नेमका त्याच वेळी फोन येणार नाही. छोटी वही आणि पेन सोबत घ्या. चौथी गोष्ट माळेची, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आजीची तुळशीची किंवा वडिलांची रुद्राक्षाची माळ आत नेऊ नका. संसर्गाच्या खोलीतली वस्तू बाहेर आणायची तर ती निर्जंतुक करावी लागते, आणि लाकडी मणी-दोरा नीट धुतला जात नाही. आयोडिन उपचाराच्या खोलीतली वस्तू तपासणी झाल्याशिवाय बाहेर येत नाही, कधी कधी तिथेच ठेवावी लागते. जिवापाड जपलेली माळ अशी अडकली की जपापेक्षा तिचीच काळजी लागून राहते. धुता येईल अशी साधी माळ न्या. नाहीतर बोटांवर मोजा, ती पद्धत टप्पा ५ मध्ये आहे.

सावधान : ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दिवा, उदबत्ती, धूप, कापूर यांतलं काहीही लावायचं नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तरीही नाही. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी काडीपेटी धरू नका. फुप्फुसाच्या रुग्णाला उदबत्तीचा धूर एरवीही त्रासच देतो.

सावधान : प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णाच्या खोलीत ताजी फुलं, तुळशीची कुंडी, निर्माल्य, नदीचं तीर्थ जाऊ देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. औदुंबरहून आणलेला अंगारा घरच्यांनी आपल्या कपाळी लावावा. रुग्णाच्या खोलीत किंवा तोंडात काय चालेल, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

टप्पा २ : मंत्र निवडणं

पहिला नियम सरळ आहे. गुरूंकडून अनुग्रह मिळाला असेल तर तोच मंत्र घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

अनुग्रह नसेल तर आधीपासून तोंडात बसलेलं नाम घ्या. साताऱ्याकडच्या घरांत सज्जनगड आणि गोंदवल्यामुळे 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र लहानपणापासून कानांवर असतो. कृष्णाकाठी, औदुंबरच्या बाजूला 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा' हा अठरा अक्षरी मंत्र घरोघरी चालतो. 'रामकृष्णहरी' आहे, 'ॐ नमः शिवाय' आहे. यांतलं कोणतं श्रेष्ठ या वादात पडू नका. झोपेतून अर्धवट जागं झाल्यावर जे आपसूक तोंडी येतं, ते तुमचं नाम.

आजारपणात नातेवाईक महामृत्युंजय मंत्राचा आग्रह धरतात. तो पाठ असेल तर जरूर म्हणा. पाठ नसेल, तर आजारपणाच्या एकांतात तो नव्यानं शिकायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार चरणांचा मंत्र, वर जोडाक्षरं. कागदात बघून म्हणताना सगळं लक्ष उच्चार चुकतोय का इकडे राहतं. काहींच्या मनाला त्यातला 'मृत्यु' हा शब्दच रात्री बोचू लागतो. घरच्यांनी बाहेर तो म्हणावा, आतल्यानं आपलं सोपं नाम घ्यावं. पुस्तकात वाचून बीजमंत्र सुरू करणंही याच कारणासाठी टाळा.

तपासा : डोळे मिटून निवडलेलं नाम दहा वेळा म्हणा. कुठेही अडखळलात, शब्द आठवावा लागला, तर दुसरं निवडा. एकदा ठरलं की एकांत संपेपर्यंत बदलायचं नाही. रोज नवा मंत्र धरणाऱ्याचं मन कुठेच टेकत नाही.

टप्पा ३ : बसणं आणि सोवळ्याचा प्रश्न

पूर्वेला तोंड, आसन, अंघोळ हे सगळं जमत असेल तर चांगलंच. खाट भिंतीला लावलेली आहे, हातात सलाईनची सुई आहे, अंघोळ दोन दिवस झालेली नाही, म्हणून जप अडत नाही. नामस्मरणाला वेळ-काळाचं आणि सोवळ्या-ओवळ्याचं बंधन नाही, ही वारकऱ्यांचीही भूमिका आणि रामनामाच्या परंपरेचीही. पाळी आली म्हणून, सुतक आहे म्हणून जप थांबवणाऱ्या बायका मला भेटतात. एकटं असताना हाच एक आधार असतो, तो सोडू नका.

पाठीला उशी घेऊन टेकून बसा. पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल ठेवा. बसवत नसेल तर कुशीवर पडून करा. फक्त रोज त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून. खोलीत दुसरं काही बदलत नसताना ही एवढी ठरलेली जागा मनाला पुरते.

टप्पा ४ : आवाजाचा क्रम

जवळजवळ प्रत्येकाची चूक इथे होते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाचिक म्हणजे ऐकू येईल असा. उपांशु म्हणजे ओठ हलतात, पण आवाज आपल्यापुरताच. मानस म्हणजे जीभ-ओठ स्थिर, जप मनातल्या मनात. शास्त्रात मानस जप श्रेष्ठ मानला आहे. त्यामुळे लोक थेट तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात. घाबरलेलं, एकटं पडलेलं मन आतल्या आत नाम धरू शकत नाही. मिनिटभरात ते रिपोर्टकडे, घराकडे, बिलाकडे जातं, आणि माळ मात्र बोटांत आपोआप फिरत राहते. जप सुरू आहे असं वाटतं, प्रत्यक्षात काळजीच मोजली जात असते.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. सुरुवात वाचिक. दोन-तीन मिनिटं हळू आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढ्याच. प्रत्येक अक्षर कानांवर पडू द्या. लक्ष अर्थावर नाही, देवाच्या चित्रावर नाही, आपल्याच आवाजावर.

२. मग उपांशु. आवाज कमी करत ओठांपर्यंत आणा. बहुतेक जप इथेच होऊ द्या. दहा मिनिटं बसणार असाल तर सहा-सात मिनिटं याची.

३. शेवटी मानस, तोही आपोआप लागला तरच. मन उडालं की गुपचूप ओठांवर परत या. मानस जप जमलाच पाहिजे असं काही नाही.

आता श्वास. नाम श्वास सोडताना म्हणायचं, श्वास घेताना गप्प राहायचं. तेरा अक्षरी मंत्र निवांत म्हटला तर साधारण चार-पाच सेकंद लागतात. एका उच्छ्वासात एकदा नाम, मग नाकानं सहज श्वास, पुन्हा नाम. असं केलं की श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. 'ॐ मणि पद्मे हूँ' हा बौद्ध मंत्र आणि ख्रिस्ती जपमाळ म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसतो, असं त्यात नोंदवलं होतं. धर्म कोणताही असो, लय सावकाश असली की शरीर आधी शांत होतं आणि मन त्याच्या मागून येतं.

घाईनं, भराभर, धापा टाकत जप केला तर उलटंच होतं. डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, आणि रुग्णाला वाटतं आजारच वाढला. असं झालं तर जप थांबवा, तोंड मिटून साधा श्वास चालू द्या, पाणी प्या. दोन-तीन मिनिटांत उतरलं नाही तर नर्सला बोलवा.

सावधान : जपासोबत श्वास रोखून धरू नका. हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण, ताजी शस्त्रक्रिया असताना तर मुळीच नाही. बोलताना धाप लागत असेल तर वाचिक जप वगळा. ओठ हलवा किंवा नुसतं ऐका.

सावधान : क्षयरोग किंवा श्वासातून पसरणारा कोणताही संसर्ग असेल, तर मोठ्यानं म्हणताना-गाताना तोंडातून जास्त सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. नर्स किंवा वॉर्डात काम करणाऱ्या मामा-मावशी खोलीत आल्या की जप मनात घ्या आणि मास्क लावा. त्या बाहेर गेल्यावर लगेच मोठ्यानं सुरू करू नका, खिडकी उघडी ठेवा.

टप्पा ५ : मोजणी

पहिला दिवस मोजू नका. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, बस्स. आकडा हातात आला की मन आकड्याच्या मागे धावतं.

दुसऱ्या दिवसापासून १०८ ची एक माळ. वर सांगितलेल्या संथ गतीनं एका माळेला अठरा-वीस मिनिटं लागतात. तेवढं बसवत नसेल तर २७ मण्यांची स्मरणी घ्या, पाच मिनिटांत होते. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची.

माळ नसेल तर करमाळा, म्हणजे बोटांच्या पेरांवरची मोजणी. उजव्या हाताची पेरं अंगठ्यानं या क्रमानं मोजा : अनामिकेचं मधलं पेर (१), अनामिकेचं खालचं (२), करंगळीचं खालचं (३), मधलं (४), टोक (५), अनामिकेचं टोक (६), मधल्या बोटाचं टोक (७), तर्जनीचं टोक (८), मधलं (९), खालचं (१०). मधल्या बोटाची मधलं आणि खालचं ही दोन पेरं मेरू समजून सोडायची. असे दहा झाले की डाव्या हातावर त्याच क्रमानं एक पेर पुढे जायचं. डाव्या हाताची दहा पेरं पूर्ण म्हणजे शंभर. मग उजव्या हातावर आणखी आठ, म्हणजे तर्जनीच्या टोकापर्यंत. झाले १०८.

वाचताना अवघड वाटतं. आत्ताच वाचन थांबवून दोनदा करून बघा, बोटांना लगेच कळतं.

हाताला सुई टोचलेली असेल तर त्या हातानं मोजू नका. ऑक्सिमीटर लावलेल्या बोटाचंही तेच, बोट हललं की आकडा चुकीचा येतो आणि विनाकारण धावपळ होते. त्याऐवजी कागदाचे दहा तुकडे करा. दर दहा नामांना एक तुकडा इकडून तिकडे.

तपासा : मोजणी चुकली तर जिथे आठवतं तिथून पुढे जा. पहिल्यापासून सुरू करायचं नाही. "चुकलं, आता काहीतरी वाईट होणार" असा विचार वारंवार येत असेल, त्यापायी पुन्हा पुन्हा मोजावं लागत असेल, तर मोजणी पूर्ण बंद करून घड्याळ लावून जप करा, आणि डॉक्टरांना हे सांगा.

टप्पा ६ : दिवसात जप कुठे बसवायचा

सकाळचा जप डॉक्टरांच्या फेरीआधी करू नका. दार वाजेल म्हणून कान तिकडेच लागलेले असतात. फेरी, गोळ्या, चहा झाल्यावर बसा. जेवणानंतर लगेचही नको, झोप येते.

दुसरा जप दिवेलागणीला. ही वेळ चुकवू नका. एकांतातला सगळ्यात जड भाग म्हणजे तिन्हीसांज. दिवसभर माणूस तग धरतो आणि बाहेर अंधारायला लागलं, रस्त्यावरची घरी परतणारी माणसं दिसली की आतून ढासळतो. घरी याच वेळी देवापाशी दिवा लागतो, मुलं पर्वचा म्हणतात. घरच्यांना सांगा : सात वाजता तुम्ही तिकडे बसा, मी इकडे बसतो. व्हिडिओ कॉल चालू ठेवायची गरज नाही, किंबहुना ठेवू नयेच. एकमेकांचे चेहरे बघताना दोघांनाही रडू येतं आणि जप राहून जातो. आधी जप, मग फोन.

बाकी वेळ जपानं भरू नका. लाखाचा संकल्प सोडणारी माणसं याच खोल्यांमध्ये खचतात. उरलेला वेळ वाचन, खिडकी, जमेल तेवढं चालणं, झोप. जपासाठी जेवण टाळणं, उपवास धरणं, औषधाची वेळ पुढे ढकलणं हे तर नाहीच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसलात तर साखर धोकादायक उतरते.

वहीत रोज फक्त दोन ओळी लिहा : कधी बसलो, नंतर कसं वाटलं. आकडे नकोत.

टप्पा ७ : मन उडालं, भीती आली, रडू आलं तर

मन उडणारच. त्याच्याशी भांडायचं नाही, पुढचं नाम थोडं मोठ्यानं म्हणायचं. एवढाच उपाय, दर वेळी तोच.

रडू आलं तर येऊ द्या. जप थांबवा, नाक पुसा, पाणी प्या, मग दहा नामं म्हणून उठा. अर्धवट सोडल्याचं पाप लागत नाही.

भीतीनं घेरलं तर डोळे मिटू नका. उघड्या डोळ्यांनी समोरच्या एका वस्तूकडे बघत, पाय जमिनीला टेकवून, वाचिक जप करा, सावकाश. भीतीच्या वेळी मानस जप उपयोगाचा नाही, कारण भीतीही तिथेच, मनातच असते.

रात्री दोन-तीनला जाग आली तर उठून बसू नका, दिवा लावू नका, मोबाईल बघू नका. कुशीवर पडूनच श्वासासोबत ओठांत नाम, न मोजता. झोप लागली तर लागली. जप करता करता झोपणं ही चूक नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. पहिल्या दोन दिवसांची शांती कुठे गेली असं वाटतं. त्या दिवशी जप निम्मा करा, पण दोन्ही वेळा बसा. शांती मिळालीच पाहिजे असा हट्ट घेऊन बसलात तर ती मिळत नाही. बसणं आपल्या हातात आहे, तेवढं करा.

सावधान : सलग काही रात्री झोपच नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, देव आज्ञा करतोय असं वाटतं, किंवा जगणं नको असे विचार येतात, तर जप वाढवू नका. नर्सला, डॉक्टरांना लगेच सांगा. सरकारी टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

टप्पा ८ : पुरात अडकलेल्यांसाठी वेगळ्या सूचना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा अनेक कुटुंबं वरच्या मजल्यांवर दिवस काढत होती. या एकांताची रीत वेगळी आहे, कारण इथे धोका दाराशी असतो.

सगळ्यांनी एकदम डोळे मिटून बसू नका. एक जण जागा, पाण्यावर लक्ष ठेवून. पाणी किती वाढलं, कोयनेतून विसर्ग किती, हे दर पाच मिनिटांनी बघून बॅटरीही संपते आणि धीरही. बातमी बघायच्या वेळा ठरवा, आणि प्रत्येक वेळी बातमी पाहून झाल्यावर एक स्मरणी करा. आधी जप आणि मग बातमी असा क्रम ठेवला तर जपात कान बातमीकडेच राहतात. मुलं असतील तर सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणा. मुलांना अंधारात आवाजाचा आधार लागतो. मेणबत्ती जपासाठी लावू नका, ती उजेडासाठी राखून ठेवा, आणि गॅसचा वास येत असेल तर काडीच ओढू नका.

बोट आली की माळ अर्धी असली तरी उठायचं. मागे राहिलेली मोजणी पूर्ण करण्यासाठी कुणालाही थांबवू नका.

टप्पा ९ : बाहेर आल्यावर

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस जपाची वेळ तीच ठेवा, जागा मात्र घरातली. माणसांची गर्दी, भेटायला येणारे, फोन यांत दिवेलागणीचा जप पहिल्यांदा सुटतो. भेटायला येणाऱ्यांना जपानंतरची वेळ द्या.

आत वापरलेली माळ साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. आयोडिन उपचार झाला असेल तर दवाखान्यानं परत दिली तरच घ्या. नवस बोलला असाल तर तब्येत सावरल्यावर, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर फेडा. गोंदवलं असो वा औदुंबर, गर्दीचा दिवस टाळून जा.

खोलीत वीस मिनिटं बसत होता, घरी पाचच जमतात, तर पाच करा. सुरुवात पुन्हा वाचिकपासून.